थांबलेल्याची ऊब

लडाखमधल्या रुमबक गावाच्या वरच्या धारेवर सकाळी साडेसातला आम्ही चौघं पोचलो, तेव्हा मला चक्क घाम आला होता. पाऊण तासाची खडी चढण, पातळ हवा, अंगात थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर जाडजूड जॅकेट. खाली मात्र थर्मलवर सह्याद्रीत वर्षानुवर्षं वापरलेली ट्रेकिंगची पँट. वाटाड्याच्या बॅगेला लटकवलेला तापमापक उणे अठरा दाखवत होता आणि मी जॅकेटची चेन खाली ओढत होते. लोकांनी थंडीची एवढी भीती उगाचच घातली, असं मनात येऊन गेलं.

मग आम्ही बसलो.

वाटाड्यानं तिपाई रोवली, तिच्यावर स्पॉटिंग स्कोप चढवला आणि समोरचा डोंगर तो एकेक खडक करत न्याहाळू लागला. हिमबिबट्या शोधायचा तो असाच. त्याच्या मागे धावायचं नसतं, एका जागी तासन्‌तास बसून राहायचं असतं. दहा मिनिटांत पाठीवरचा घाम गार झाला. विसाव्या मिनिटाला गुडघ्यांत कळ आली. अर्ध्या तासानं मी मांडीला चिमटा काढला, तर चिमटा काढणाऱ्या बोटांनाच तो कळला, मांडीला नाही. पावलांचं तर विचारूच नका. छाती, पाठ, दंड सगळं व्यवस्थित उबदार होतं. कमरेखाली मात्र बाई नव्हतीच जणू.

वाटाड्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बॅगेतून नारळाएवढं एक काळं बोचकं काढलं. झटकलं तसं ते फुगलं. दुसऱ्या झटक्यात त्याला दोन पाय फुटले. "ये पहनो, दीदी. एक एक्स्ट्रा रखता हूँ. कोई न कोई भूलता ही है." फेदर पँट. लेहमध्ये सगळे तिला हेच म्हणतात, आपल्याकडचे ट्रेकर डाउन पँट म्हणतात. दोन्ही बाजूंना कमरेपासून घोट्यापर्यंत चेन, त्यामुळे बूट न काढता उभ्या उभ्या चढवता आली.

चढवली, पण ऊब काही आली नाही. उलट गार अंगावर गार कापड लागलं. तेव्हा त्यानं थर्मासमधलं उकळतं पाणी एका बाटलीत ओतलं, झाकण पक्कं आवळलं आणि बाटली दोन मांड्यांमध्ये धरून बसायला सांगितलं. पाव तासात मांड्या परत आल्या. त्यानंतर थोड्या वेळानं पायांची बोटं परत आली, आणि याचं मला फार नवल वाटलं, कारण बूट तेच होते, मोजे तेच होते. पावलांसाठी कुणी काहीच केलं नव्हतं.

मी लिहिते त्या वार्षिकाचा मागच्या वर्षीचा अंक छापून होतो न होतो तोच संपादकांनी पुढच्या अंकाचा विषय सांगितला होता: ऊब. "हिवाळ्यातच कुठेतरी जाऊन ये. उन्हाळ्यात लिहायला बसलीस तर थंडी आठवणार नाही," असंही बजावलं होतं. मी लडाखला निघाले ती खोलीत पेटवायची बुखारी, पश्मिना, लोणी घातलेला खारट चहा यांवर लिहायचं ठरवून. धारेवरच्या त्या सकाळनंतर मात्र मला एकाच गोष्टीचा छडा लावायचा होता. ती पँट नेमकं करते काय?

अंगाचा तिसरा हिस्सा

भाजलेल्या रुग्णाचं किती अंग भाजलं हे चटकन ठरवण्यासाठी डॉक्टर एक ढोबळ हिशेब वापरतात. त्याला नवाचा नियम म्हणतात. प्रौढ माणसाचं डोकं आणि मान मिळून नऊ टक्के, एक हात नऊ टक्के, एक पाय अठरा टक्के. म्हणजे दोन्ही पाय मिळून छत्तीस टक्के, अंगाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त. थंडीत आपण काय करतो? डोक्याला कानटोपी, गळ्याला मफलर, अंगात दोन स्वेटर, आणि या छत्तीस टक्क्यांवर एक पातळ पँट. निम्मी उष्णता डोक्यातून जाते, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते खरं नाही. नऊ टक्के कातडीतून निम्मी उष्णता जाईल कशी? डोकं उघडं आणि बाकी अंग झाकलेलं असेल तरच डोक्याचा वाटा मोठा दिसतो. टोपी घालावीच, पण हिशेब पायांचा आधी करावा.

तो आपण करत नाही याला कारण आहे. चालताना पायांना थंडी वाजत नाही. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर साधारण शंभर वॅटच्या जुन्या पिवळ्या दिव्याइतकी उष्णता टाकत असतं. तोच माणूस पाठीवर ओझं घेऊन चढ चढू लागला की ती चौपट-पाचपट होते, आणि त्यातली बरीचशी तयार होते मांड्यांच्या मोठ्या स्नायूंत. चालणाऱ्याचे पाय हीच त्याची शेगडी. तो थांबला की पहिल्यांदा विझते तीही हीच शेगडी. म्हणून धारेवर माझी छाती ऊबदार राहिली आणि मांड्या बधिर झाल्या.

पावलांचं कोडंही इथेच सुटतं. पावलाकडे जाणारं रक्त जांघेतून मोठ्या धमनीनं उतरतं, मांडीतून, गुडघ्यामागून, पोटरीतून जातं. मांडी-पोटरी गारठली की ते वाटेतच निवतं. शिवाय शरीराला थंडीची धास्ती बसली की ते हातापायांच्या टोकांकडच्या रक्तवाहिन्या आकसून घेतं आणि उष्णता हृदय, फुप्फुसं, मेंदू यांच्यासाठी राखून ठेवतं. बोटांना मिळणारं रक्त कमी होतं ते असं. मांड्या ऊबदार केल्या की रक्त गरम राहून खाली पोचतं आणि आकसलेल्या वाहिन्याही सैलावतात. उकळत्या पाण्याची बाटली जांघेजवळ ठेवायची ती यासाठीच. वाटाड्याला यातलं शरीरशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्या आधीच्या वाटाड्यानं त्याला बाटली कुठे धरायची एवढं दाखवलं होतं.

पिंजाऱ्याचं काम

लहानपणी थंडीच्या तोंडावर आमच्या आळीत पिंजारी यायचा. खांद्यावर पिंजण, तिच्या ताणलेल्या तातीचा टण-टण असा घुमणारा आवाज. वर्षभर अंगाखाली आणि अंगावर दबून दगड झालेला गादी-रजईतला कापूस तो अंगणात काढायचा आणि ताती त्याच्यावर खेळवत राहायचा. दुपारपर्यंत तेवढ्याच कापसाचा ढीग दुप्पट-तिप्पट व्हायचा. आजी म्हणायची, "वजन तेवढंच, पण ऊब नवी." या वाक्यात सगळं विज्ञान आलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

ऊब कापसात नसते आणि पिसातही नसते. ती त्यांच्यामध्ये अडकलेल्या हवेत असते. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश जाते, पाण्यातून जाते तिच्या पंचविसाव्या हिश्श्यानं. अडचण एवढीच की हवा स्थिर राहत नाही. गरम झाली की वर जाते, वाऱ्यानं उडते. तिला बारीक बारीक कोनाड्यांत कोंडून ठेवायचं, हेच सगळ्या ऊबदार कपड्यांचं काम. वाकळ आणि गोधडी थरांमध्ये हवा धरतात, लोकर कुरळ्या धाग्यांमध्ये.

डाउन म्हणजे काय, हे मी लेहला एका फाटक्या जॅकेटातून बाहेर आलेला पुंजका तळहातावर घेऊन भिंगातून पाहिलं. आपण पीस म्हणतो त्याला मधोमध दांडी असते. इथे दांडी नव्हतीच. मध्ये जेमतेम दिसणारा एक ठिपका आणि त्यातून सगळ्या दिशांना फुटलेले केसांहून बारीक तंतू, प्रत्येक तंतूला आणखी बारीक फाटे. सावरीच्या बोंडातून उडणाऱ्या म्हातारीसारखं, पण तिच्यापेक्षा भरदार. बोटांच्या चिमटीत धरला तर नाहीसाच झाला. चिमूट सोडली आणि एका श्वासात तो पुन्हा होता तेवढा फुलला. बदकं आणि हंस यांच्या छाती-पोटावर बाहेरच्या पिसांखाली हा थर असतो. बर्फाच्या पाण्यात तरंगणाऱ्या पक्ष्याला तो तगवतो.

या फुलण्यालाच बाजारात किंमत असते. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम डाउन एका नळकांड्यात ठरावीक हलक्या वजनाखाली ठेवतात आणि ते किती घन इंच जागा व्यापतं ते मोजतात. लेबलावरचा ६००, ७००, ८०० हा आकडा तो. ८०० म्हणजे जवळपास १३ लिटर. मूठभर पोह्यांचं वजन आणि एका कळशीची जागा! त्याच्या शेजारी बहुधा ९०/१० असं लिहिलेलं असतं: नव्वद टक्के डाउन, दहा टक्के बारीक दांडीची पिसं. बोटांना टोचतात ती हीच दांडीवाली.

दबलं की संपलं, हा नियम पिंजाऱ्याच्या कापसासारखाच इथेही लागू. भिजलं तरीही. ओल्या डाउनचे तंतू एकमेकांना चिकटून लगदा होतो आणि हवेला जागाच उरत नाही. म्हणून हा कपडा लडाखच्या कोरड्या थंडीचा. आपल्या घाटमाथ्यावरच्या पावसात आणि धुक्यात त्याचा उपयोग नाही. तिथे पॉलिएस्टरच्या बारीक तंतूंचं कृत्रिम भरणच बरं, कारण ते ओलं झालं तरी थोडीफार ऊब राखतं. प्रायमालॉफ्ट हे त्यातलं नावाजलेलं भरण १९८०च्या दशकात अमेरिकन लष्करासाठी तयार झालं, ते भिजणाऱ्या डाउनला पर्याय हवा होता म्हणूनच.

लेहचं भाड्याचं दुकान

ती जादा पँट वाटाड्याला परत करणं भाग होतं, म्हणून मधल्या एका दिवशी लेहला उतरून मी स्वतःसाठी एक भाड्यानं घेतली. बाजारामागच्या बोळातलं, एका बाईंचं दुकान. लडाखात मोठ्या बहिणीला अचे म्हणतात आणि मान देण्यासाठी पुढे ले लावतात. या अचे-लेंच्या दुकानात भिंतभर जॅकेटं, स्लीपिंग बॅगा, गमबूट. पँटी मात्र जेमतेम सात-आठ. "जॅकेट सब माँगते हैं. पँट वही माँगता है जो एक बार ठंड खा चुका." 

त्यांनी ज्या क्रमानं पँट पारखून दिली तो सांगण्याजोगा आहे. आधी पँट मुठीत दाबून सोडली आणि फुगायला किती वेळ घेते ते पाहिलं. मग दिव्यासमोर धरली. कापडातून उजेड आरपार आला की तिथलं डाउन सरकलंय. आडव्या शिवणींवरून बोट फिरवून दाखवलं. स्वस्त पँटीत वरचं आणि आतलं कापड थेट एकत्र शिवलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक शिवणीवर जाडी शून्य आणि नेमकी तिथून थंडी शिरते. महागड्या पँटीत दोन कापडांच्या मध्ये जाळीच्या उभ्या पट्ट्या घालून खोके केलेले असतात. शिवणीजवळही भरण राहतं, पण वजन आणि किंमत वाढते. माझ्या वाट्याला स्वस्त प्रकारातली आली. "ऊपर से हवा का पँट डाल लेना," म्हणाल्या. वारा अडवणारी पातळ पँट वरून चढवली की शिवणींचा प्रश्न बराच सुटतो.

मांडीवर काळ्या टेपची तीन ठिगळं होती. ठिगळं का, हे विचारावं लागलं नाही, कारण दुकानात बुखारी पेटलेली होती. या पँटीचं नायलॉन कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ असतं. बुखारीचं दार उघडलं, एक ठिणगी उडाली, की भोक. मग तिथून पुंजके बाहेर यायला लागतात. लडाखमधल्या वापरलेल्या फेदर कपड्यांवर ही ठिगळं सर्रास दिसतात.

अचे-लेंनी शेवटी एक घडीची फोमची चटई पँटीसोबत ठेवली, तिचे पैसे घेतले नाहीत. "बिना इसके मत बैठना." बसलं की आपल्याच वजनानं बुडाखालचं डाउन दबतं आणि दगडाचा गारवा थेट वर येतो. गुडघ्यांचंही तेच. गुडघा वाकवला की कापड ताणून भरण चेपतं. म्हणून काही कारागीर बूड आणि गुडघे या दोन जागी डाउनऐवजी न दबणारं कृत्रिम भरण घालतात. आणि मला सर्वांत मोलाचा वाटलेला सल्ला त्यांनी हलक्या आवाजात, बाईनं बाईला द्यावा तसा दिला. रात्री बाहेर जायची वेळ आली तर पूर्ण पँट काढू नकोस, दोन्हीकडच्या चेना वरून अर्ध्या उघड आणि मागची बाजू तेवढी खाली घे. उणे वीसमध्ये अंधारात बाहेर जाऊन आलेल्या कुठल्याही बाईला या एका सल्ल्याची किंमत कळेल. रात्री जावं लागू नये म्हणून बायका पाणी कमी पितात आणि उंचीवर पाणी कमी पडणं हा आजाराला आवतण देण्याचाच प्रकार आहे.

आधी कोट, मागून विजार

डाउनच्या कपड्यांच्या इतिहासातही पाय मागेच राहिलेले दिसतात. १९२२च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच हा रसायनशास्त्रज्ञ बलूनच्या कापडात आयडर बदकाचं डाउन भरून शिवलेला लांब कोट घेऊन गेला. ट्वीड आणि लोकर घालणाऱ्या सोबत्यांनी त्याची टिंगल केली. पुढे त्याच फिंचनं कृत्रिम प्राणवायूच्या मदतीनं ८३०० मीटरच्या आसपास मजल मारली, त्याआधी कुणीच गेलं नव्हतं इतकी उंच. अमेरिकेत एडी बाउअर हिवाळ्यात मासेमारीला गेला असता ओल्या लोकरीत गारठून मरता मरता वाचला. त्यातून त्यानं १९३६ साली शिवलेलं डाउन जॅकेट व्यापारी बाजारात गाजलं. नाव राहिलं ते कोटाचं आणि जॅकेटाचं.

उंच शिखरांवर मात्र विजारीला पर्याय उरला नाही. तिथे माणूस एक पाऊल टाकतो आणि चार श्वास थांबतो. दोरावर पुढच्याची वाट पाहत उभा राहतो. म्हणजे चालणं कमी, थांबणंच जास्त. १९५३ साली हिलरी आणि तेनसिंग शेवटच्या तळावरून निघाले ते अंगभर डाउन आणि त्यावर वारारोधक कपडे घालून. पावलांचं तिथेही दुर्लक्ष झालं होतं. हिलरीनं बूट काढून ठेवले होते, ते रात्रीत गोठून कडक झाले आणि सकाळी स्टोव्हवर मऊ करावे लागले. आज आठ हजार मीटरच्या वर जाणारे डोक्यापासून घोट्यापर्यंत एकसंध डाउन सूट घालतात. २०१२ मध्ये पुण्याच्या 'गिरिप्रेमी'ची एव्हरेस्ट मोहीम यशस्वी झाली, तेव्हाची छायाचित्रं अनेकांनी पाहिली असतील. त्यांतले ते फुगीर सूट म्हणजे जॅकेट आणि पँट एकत्र शिवलेली.

अमा-लेंचा प्रश्न

अमा म्हणजे आई. रुमबकला मी ज्यांच्या घरी राहिले त्या अमा-ले साठीच्या पुढच्या. अंगात लोकरीचा जाड गोंचा, पाठीवर केस आत करून बांधलेलं बकरीचं कातडं. त्यांनी माझी पँट हातात घेतली, दाबली, वजन करून पाहिलं आणि विचारलं, "अंदर क्या है?" बदकाची पिसं, म्हणाले. "कितनी बदक?" मला उत्तर देता आलं नाही.

प्रश्न साधा नव्हता. त्यांच्या पाठीवरचं कातडं कुठल्या बकरीचं, हे त्यांना ठाऊक होतं. चांगथांगच्या शेळ्यांची पश्मिना वसंतात विंचरून काढतात. थंडीसाठी वाढलेली ती आतली मऊ लोकर तेव्हा आपोआप सुटायला लागते. आइसलंडमध्ये आयडर मादी स्वतःच्या छातीचं डाउन उपटून घरट्याला अस्तर लावते आणि शेतकरी ते घरट्यांतून गोळा करतात. एक किलोला साठेक घरटी लागतात. पण ते अतिमहाग आणि अगदी थोडं. जगातलं बहुतेक डाउन मांसासाठी पाळलेल्या बदक-हंसांचं असतं आणि त्यात चीनचा वाटा सर्वांत मोठा. काही ठिकाणी जिवंत पक्ष्यांची पिसं उपटली जातात, त्यांना जबरदस्तीनं चारलं जातं, हे उघड झाल्यावर ओरड झाली आणि २०१४ पासून जबाबदार डाउनचं एक प्रमाणपत्र आलं. पक्षी कुठल्या फार्मवरचा, त्याला कसं वागवलं, याचा माग कपड्यापर्यंत ठेवायचा, अशी ती व्यवस्था. लेबलावर ते पाहूनच घ्यावं, असं मी आता आवर्जून सांगते. त्याहून बरं म्हणजे भाड्यानं घ्यावं. अचे-लेंच्या दुकानातली एक पँट एका हिवाळ्यात दहा-बारा जणांच्या पायांत जाते. नीट ठेवली, चेपून न ठेवता टांगून ठेवली, फाटलं तिथे टेप लावली, तर ती वर्षानुवर्षं चालते. वर्षातून चार दिवस बर्फात जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी प्रत्येकी एकेक विकत घेऊन कपाटात ठेवण्याची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

अमा-लेंना मी हे सगळं तुटक्या हिंदीत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चुलीत याकची शेणी सरकवली आणि पँट बुखारीपासून लांबच्या खुंटीला अडकवली.

ज्यांना थांबावंच लागतं

पुढचे दिवस मी बिबट्याइतकंच माणसांकडे पाहिलं. ट्रेकर चालून गरम होतो आणि मुक्कामी पोचला की तंबूत शिरतो. त्याच्याआधी पोचून बर्फ वितळवत, कुकरच्या शिट्ट्या मोजत उभा असतो तो स्वयंपाकी. सीमेवरच्या चौकीत रात्रपाळीला जवान उभा असतो. लडाखमधल्याच हानलेच्या वेधशाळेतली दोन मीटरची दुर्बीण कर्नाटकातल्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवता येते. पण हानलेच्या परिसरात काळोखाचं राखीव क्षेत्र झाल्यापासून गावातलेच तरुण-तरुणी अंगणात छोट्या दुर्बिणी लावून पाहुण्यांना आकाश दाखवतात. साडेचार हजार मीटरच्या आसपास, उघड्यावर, अंधारात, एका जागी उभं राहून. आणि हिमबिबट्याचे वाटाडे. २०२४च्या जानेवारीत जाहीर झालेल्या देशव्यापी गणनेत भारतात ७१८ हिमबिबटे असल्याचा अंदाज निघाला, त्यातले ४७७ लडाखमध्ये. एकेकाळी शेळ्या-मेंढ्या मारतो म्हणून ज्याचा राग यायचा, त्याच्यामुळे आता गावात हिवाळ्यात पाहुणे येतात. त्या पाहुण्यांसाठी कुणीतरी पहाटेपासून कड्यावर बसून असतं.

आमच्या वाटाड्याची शिस्त मी पाहून ठेवली. थांबताक्षणी, अंगातली ऊब जायच्या आत, पँट चढवायची. गारठल्यावर चढवली तर गारठाच कोंडला जातो. उठून निघायचं असेल तर चालण्याआधी काढायची, मग चार मिनिटं कुडकुडावं लागलं तरी चालेल. घाम डाउनमध्ये मुरला की दिवसागणिक त्याचा फुलोरा कमी होतो. दुपारी ऊन असेल तेव्हा खडकावर उलटी पसरायची. दिवसातून सहा-सात वेळा तो हे करत होता, एकदाही कंटाळा न करता.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं मला स्कोपकडे ढकललं. आधी नुसते खडक दिसले. मग त्यातला एक श्वास घेत होता. हिमबिबट्या कपारीत अंगाचं मुटकुळं करून पडला होता आणि जवळपास अंगाएवढी लांब ती झुबकेदार शेपटी त्यानं पुढच्या पायांवरून नाकापर्यंत पांघरून घेतली होती. चार तास तो हलला नाही. आम्हीही नाही.

परत करताना

निघायच्या आदल्या दिवशी पँट परत केली. अचे-लेंनी ती झटकली, आतून वास घेतला, ठिगळं मोजली. मग घोट्याकडून धरून उलटी केली आणि दोन्ही हातांनी हलके थापटत राहिल्या. तळाशी जाऊन बसलेलं डाउन मांड्यांकडे सरकवायचं होतं. मला पिंजाऱ्याची आठवण झाली. पंधरा-वीस थापट्यांत पँट पुन्हा फुगली आणि खुंटीवर गेली.

तेवढ्यात पाच-सहा मुलांचा घोळका आत आला. चादर ट्रेकला, गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालायला निघालेला. बोलण्यावरून नाशिककडचे. जॅकेटं घातली, आरशात पाहिलं, भाव ठरला. अचे-लेंनी खुंटीकडे बोट दाखवत विचारलं, "पँट?"

"नको नको, थर्मल आहे," त्यातला एक जण मित्रांकडे वळून म्हणाला. "चालताना लागत नाही रे थंडी."

"आणि बसल्यावर?" मी मराठीत विचारलं.

सगळे वळून बघायला लागले. मी सामान खाली ठेवलं, स्टुलावर बसले आणि त्यांना धारेवरची ती सकाळ पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.